विरजण, टाकणखार आणि घासलेली बादली

साच्यांचं काम आता तू बघणार म्हणतोस, तर पेणच्या या कारखान्यात माझ्या हाताला जे कळलं ते तुझ्या कानावर घालून ठेवतो. शाडूची मूर्ती सुबक निघायची तर साचा पाणी पिणारा हवा. तो किती पिणार, हे पीओपी भिजवतानाच ठरतं.

पीओपी म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलेली पूड. पाणी परत मिळालं की ती विरघळते आणि जिप्समचे सुयांसारखे स्फटिक वाढू लागतात. सुया एकमेकींत गुंततात, त्या गुंत्यावर साचा उभा राहतो. 100 ग्रॅम पुडीला स्फटिक होण्यापुरतं 19 ग्रॅमही पाणी लागत नाही. आपण घालतो 70. उरलेलं वाळून जातं, जागा मोकळी राहते आणि तीच शाडूतलं पाणी ओढते. म्हणून पाणी वजनानेच घे, अंदाजाने नको. पुडीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पूड भुरभुरायची. मिनिट-दोन मिनिटं भिजू दे, मग ढवळ. फार घुसळलंस तर कोवळ्या सुया मोडतात; त्यांचे तुकडे नवं बीज होतात आणि पीओपी हातातच धरतं.

घाई असेल तर विरजण लाव. जुन्या साच्याचा तुकडा कुटून वस्त्रगाळ कर. किलोला चिमूटभर पुरे. स्फटिकांना वाढायला तयार बीज मिळतं. मीठ आणि तुरटीनेही वेग येतो. पण मीठ थोडं असेल तर पळवतं, जास्त झालं तर उलटं अडवतं. शिवाय साच्यात राहून ओल धरतं आणि पांढरी बुरशी आल्यासारखं वर फुलतं. साच्याला चुराच बरा, तो त्याच्याच जातीचा.

मोठा साचा ओतताना वेळ हवा असतो. तेव्हा टाकणखार किंवा लिंबूसत्त्व, आधी पाण्यात पूर्ण विरघळवून. टाकणखार कॅल्शियमला धरून कणांवर पापुद्रा चढवतो. लिंबूसत्त्व सुईच्या टोकाला चिकटून बसतं, त्यामुळे सुया लांब न होता आखूड, जाड होतात. आखूड सुया नीट गुंतत नाहीत, म्हणजे मिळालेल्या वेळेची किंमत मजबुतीने मोजावी लागते. किलोला अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात कर, तेही सराफी काट्यावर. सरसही असंच अडवतो.

एका वर्षी सकाळभर ओतलेले साचे दुपारपर्यंत दह्यासारखे थलथलीत राहिले. पोतं दमट म्हणून मी दुकानदाराला बोल लावले. संध्याकाळी कळलं, त्या बादलीत आदल्या दिवशी लिंबू सरबत झालं होतं. उलटही होतं: कडेला चिकटलेली कालची पपडी पाण्यात पडली की ती विरजणाचं काम करते आणि पुढचा घाणा घमेल्यातच दगड होतो. आपण मोजून घातलेल्या औषधाआधी न मोजलेलं औषध बादलीतच असतं. म्हणून प्रत्येक घाण्याला बादली घास, घमेलं खरवड, हातही धू. धुवण गटारात ओतू नकोस, तिथेही ते धरतं.

नवं पोतं उघडलं की आधी वाडगाभर भिजव आणि घड्याळ लाव. ओल्या लगद्याची चकाकी विझते तो एक क्षण, नख उमटेनासं होतं तो दुसरा. दोन्ही वेळा वहीत लिही. पावसाळ्यात पोतं दमट झालं की हेच आकडे आधी सांगतात. धरताना पीओपी तापतं, मोठ्या घाण्यात हात रुतवून बसायचं नाही. साचा वाळवायचा तो वाऱ्यावर. भट्टीजवळ ठेवलास तर बांधलेलं पाणीही सुटेल आणि कडा भुरभुरतील.

वही कोनाड्यात आहे. माझं शेवटचं पान अर्धं कोरं आहे, तिथूनच सुरू कर.