पट्टी दे रे!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

फर्स्ट इयरची गोष्ट. मिरजोळ्याच्या हॉस्टेलवर ड्रॉइंग सबमिशनची आदली रात्र. शीट अर्धवट आणि माझी पट्टी गायब! रूम पार्टनर केरळचा. एरवी आमची हिंदी-इंग्लिशची भेळ चालायची, पण घाईत तोंडातून मराठीच निघालं, "पट्टी! अरे, पट्टी, पट्टी!" त्याने माझ्याकडे रोखून बघितलं, शीट गुंडाळलं आणि शेजारच्या रूमवर निघून गेला. चार दिवस अबोला. मला कारणच कळेना. शेवटी 'शिष्ट आहे लेकाचा' म्हणून मीही नाद सोडला.

पाचव्या दिवशी मेसमध्ये त्याच्या पाठीमागे भिंतीवर पाल दिसली. मी ओरडलो, "पाल! पाल!" तर याने ग्लास पुढे केला, "किधर है?" मल्याळममध्ये 'पाल' म्हणजे दूध! मग हळूहळू उलगडा झाला. 'पट्टी' म्हणजे कुत्रा. म्हणजे मी त्याला एका दमात तीनदा कुत्रा म्हटलं होतं...

मराठी आर्य कुळातली, मल्याळम द्राविडी. आपली 'पट्टी' संस्कृत 'पट्ट'वरून आली, तिचा त्या कुत्र्याशी काहीही संबंध नाही. मग शब्द जुळतात कसे? हिशोब सोपा आहे. वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरले तर एका अक्षराचे शंभरच प्रकार होतात. प्रत्येक भाषेला छोटे छोटे शब्द यातूनच बनवायचे, मग टक्कर होणारच! सी लँग्वेजमध्ये ६५ हा आकडा 'इंट' म्हणून छापला तर ६५, 'कॅर' म्हणून छापला तर 'ए'. मेमरीतले बिट तेच. मी 'इंट' पाठवला, त्याने 'कॅर' वाचला.

अर्थात प्रत्येक साम्य योगायोग नसतं. आपला 'पगार' सरळ पोर्तुगीजांकडून आला, तिकडे त्याचा अर्थ पैसे देणे. पालीला मल्याळममध्ये 'पल्ली' म्हणतात आणि संस्कृतातही 'पल्ली' आहे, तिथे देवाणघेवाण झालेली दिसते.

रत्नागिरीत तर अजून लांबची एक भाषा राहून गेली. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे कैदेत आला आणि १९१६ साली इथेच वारला. थिबा पॅलेस आपण पाहतोच, पण त्या घरात बर्मी बोलली जायची हे कोणाच्या लक्षात येतं? बर्मीत 'मी' म्हणजे आग आणि 'ये' म्हणजे पाणी! (सुरावर अर्थ बदलतो, तो सूर देवनागरीत येत नाही.) एखाद्या गड्याने बाहेरून "मी! मी!" अशी हाक दिली असती, तर आत काय धावपळ उडाली असती!

आता ड्रॉइंग हॉलमध्ये मी 'स्केल' म्हणतो. तो मात्र मुद्दाम मराठीत ओरडतो, "पट्टी, दे रे!" त्या स्वल्पविरामाबद्दल मला अजून शंका आहे.