आधी बोट बाहेर ठेव

ये, बस अशी जवळ. नाशिकच्या अकादमीतलं दीक्षान्त संचलन झालं, खांद्यावर दोन तारे आले, आई तुझी दृष्ट काढून थकली. आता आपण दोघी फौजदार म्हणून बोलू. परेडच्या मैदानावर राहून गेलेल्या चार गोष्टी आज सांगते, कारण उद्यापासून तुझ्या कमरेला हत्यार असणार आहे.

आधी त्याची ओळख करून घे. पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हर मिळालं तर सहा गोळ्या. ईशापूरच्या कारखान्यातलं नऊ एमएमचं पिस्तूल असेल तर मॅगझिनमध्ये तेरा, ग्लॉक सतरा असेल तर सतरा. ईशापूरच्या पिस्तुलाला अंगठ्याने फिरवायचा सेफ्टीचा खटका असतो. ग्लॉकला तसा खटका नाही, त्याची एक सेफ्टी चापातच आहे. म्हणून एका हत्यारावरची सवय दुसऱ्यावर तशीच चालेल असं धरून चालू नकोस. शस्त्रागारातून हत्यार घेतलंस की सही करण्याआधी स्वतः तपास. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढ, मग स्लाईड मागे ओढ आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ. हा क्रम कधी उलटा करू नकोस. मॅगझिन आत ठेवून स्लाईड ओढलीस तर नवी गोळी चेंबरमध्ये चढते. मग मॅगझिन काढलंस तरी ती आतच राहते, आणि रिकामं समजलेलं पिस्तूल उडतं.

आता सामानाचं. होल्स्टरचं बटण न बघता, एका हाताने उघडता आलं पाहिजे. पिस्तुलाला बांधलेली दोरी शोभेची नाही. झटापटीत हत्यार हिसकावलं जातं, तेव्हा तीच ते तुझ्यापाशी ठेवते. संशयिताशी बोलताना हत्याराची बाजू त्याच्यापासून लांब ठेव, कोपर अंगाशी ठेव. बुलेटप्रूफ जाकीट पुरुषांच्या मापाचं मिळालं तर गप्प बसू नकोस, बदलून माग. सैल जाकीट बगलेपाशी उघडं राहतं. आणि हेही विसरू नकोस की मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी अडवण्यासाठी असतं, रायफलच्या गोळीला कडक प्लेट लागते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्यापुढे आपण मान झुकवतो ना, तर मग आपल्या माणसांना योग्य साधनं मिळावीत म्हणून भांडणं हेही आपलंच काम आहे.

जवळच्या अंतराबद्दल नीट ऐक. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर यांनी एक हिशोब मांडला. सुरा घेतलेला माणूस सुमारे दीड सेकंदात एकवीस फूट धावत येतो, आणि सराव असलेल्या पोलिसाला होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. एकवीस फूट म्हणजे जवळपास आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या दोन खोल्या. याचा अर्थ इतक्या अंतरावर दिसला की गोळी घाल, असा मुळीच नाही. याचा अर्थ इतकाच, की आधी अंतर आणि आडोसा कमव. दारासमोर उभी राहू नकोस, चौकटीच्या बाजूला राहा. कोपऱ्यावर एकदम वळू नकोस, थोडं थोडं सरकत आतलं बघ. पिस्तूल दारातून पुढे काढू नकोस, पलीकडचा हात ते धरेल. छातीशी आखडून धर. आणि गोळी झाडण्याआधी तुझ्या नेमाच्या मागे काय आहे ते बघ. पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या भिंतीतून गोळी आरपार जाते, आणि त्या भिंतीमागे कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असतं.

आणि बोट कुठे असावं, हे मला एका पहाटेने शिकवलं. नोकरीचं चौथं वर्ष होतं. एका तडीपार गुंडाला धरायला आम्ही वस्तीत शिरलो होतो. बोळात अंधार. शेजारचं दार धाडकन उघडलं, कुणीतरी वेगाने बाहेर आलं, हातात काहीतरी चमकलं. मी दचकले. दचकलं की माणसाची मूठ आपोआप आवळते, माझीही आवळली. पण बोट चापावर नव्हतं, नळीच्या बाजूला सरळ टेकलेलं होतं. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता, चार वाजता नळाला पाणी येतं म्हणून कळशी घेऊन निघालेला. त्या रात्री घरी येऊन मी खूप रडले. त्याला वाचवलं ते माझ्या सवयीने. तेवढ्या क्षणात विचार करायला वेळच नव्हता.

ती सवय वर्षातून एकदा रेंजवर जाऊन लागत नाही. परवानगी घेऊन, रिकामं हत्यार दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून रोज दहा मिनिटं कोरडा सराव कर. होल्स्टरमधून काढणं, पकड, नेम, चाप हळू दाबणं, पुन्हा आत ठेवणं. हत्याराच्या जाड मुठीला आपला तळहात पुरत नसेल तर प्रशिक्षकाला तसं सांग, त्यात कमीपणा नाही. जिचे हात पक्के झालेले असतात, तिचं डोकं समोरच्या माणसाकडे बघायला मोकळं राहतं. त्याच्या हातात काय आहे, तो शरण येतोय का, हे तिलाच दिसतं.

कायदाही असाच पाठ हवा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याला मर्यादा आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या प्रकरणात सांगितलं, की पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास व्हायलाच हवा. त्या तपासाला घाबरू नकोस. खरं वागलेल्या अधिकाऱ्याला तो आधार आहे.

उद्या ड्युटीवर निघशील तेव्हा आईला नमस्कार कर, जाकिटाचे पट्टे आवळ, चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि बाळा, गोळी झाडायचीच आहे असं पक्कं ठरेपर्यंत बोट बाहेर ठेव.