लडाखच्या प्रवासात सामानाची रचना

प्रश्न : फोर-बाय-फोर गाडीने लडाखमध्ये तंबू ठोकून राहायचे असल्यास सामान कसे भरावे?

उत्तर : या प्रश्नाचा विचार वस्तूंच्या यादीपेक्षा वजनापासून सुरू होणे आवश्यक आहे, कारण उत्पादकाने ठरवलेल्या भारक्षमतेत, म्हणजे गाडीने सुरक्षितपणे वाहावयाच्या कमाल वजनात, प्रवासीही धरलेले असतात आणि 20 लिटर पाण्याचा एकच कॅन त्यात 20 किलोंची भर घालतो. पाणी, अवजारे व शिधा यांसारख्या जड वस्तू मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून, शक्य तितक्या खाली ठेवून पट्ट्यांनी घट्ट आवळाव्यात. त्या टपावर चढवल्यास गुरुत्वमध्य, म्हणजे जेथे संपूर्ण भार एकवटला आहे असे मानले जाते तो बिंदू, वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. टपावर फार तर झोपण्याच्या पिशव्यांसारखे हलके सामान असावे.

फावडे, ओढपट्टा आणि हवा भरण्याचा पंप मात्र सर्वांत शेवटी, दाराशीच ठेवावेत, कारण गाडी रुतल्यावर सारे सामान वाळूत उतरवणे कोणालाही परवडत नाही. ओढपट्टा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो व माणसाचा जीव घेऊ शकतो. उबदार कपडे, औषधे आणि त्या दिवसाचे पिण्याचे पाणी आसनाजवळच असावे. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून ओळखता येत नाही.