खालच्या गिअरविषयी भाचीस पत्र

छत्रपती संभाजीनगर
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चिरंजीव भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पावले. पक्का परवाना हाती आला आणि जालना रोडच्या गर्दीतून तू एकटी गाडी नेऊ लागलीस, हे वाचून संतोष झाला. परंतु तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येताना गाडी हिसका देते, शेजारी बसलेली आजी दर वेळी डॅशबोर्डला हात टेकते, आणि शिकवणाऱ्याने ‘क्लच हळू सोडा’ यापलीकडे काही सांगितले नाही, ही तुझी तक्रार मला सर्वस्वी रास्त वाटते. आपल्याकडील ड्रायव्हिंग स्कूलांचा अभ्यासक्रम परिवहन कार्यालयातील चाचणीच्या मापाने बेतलेला असतो; गिअर चढवत कसे जावे हे तेथे सांगतात, उतरवत कसे यावे हे शिष्याच्या नशिबावर सोडतात.

‘क्लच हळू सोडा’ हा उपदेश खोटा नाही, अपुरा आहे. चाकांचे फेरे आणि इंजिनाचे फेरे यांचे प्रमाण गिअर ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आल्यास, गाडीचा वेग तोच असतानाही, इंजिनाला साधारण दीडपट वेगाने फिरावे लागते. समज, तिसऱ्यात ते मिनिटाला 2000 फेरे घेत होते, तर दुसऱ्यात त्याला 3000 हवेत. पण तू क्लच दाबून ॲक्सिलरेटरवरून पाय काढतेस तेव्हा ते वर जाण्याऐवजी खालीच घसरते. अशा मरगळलेल्या इंजिनाशी चाके एकदम जोडली, की ती त्याला फरफटत वर ओढतात, त्यासाठी लागणारी शक्ती गाडीच्या वेगातून वसूल होते, आणि त्या वसुलीचा झटका आजीला बसतो. क्लच हळू सोडल्याने ही वसुली माफ होत नाही, तिचे हप्ते पडतात एवढेच. आणि ते हप्ते क्लचप्लेट आपल्या अंगच्या झिजेने फेडते.

यावर उपाय एकच: क्लच दाबलेला असतानाच इंजिनाला हव्या त्या गतीवर आणून ठेवणे. मेकॅनिक मंडळी ज्याला ‘रेस देणे’ म्हणतात, ती पायाच्या एका हलक्या स्पर्शाने द्यावी आणि फेरे चढलेले असतानाच क्लच न रेंगाळता सोडावा. चालत्या एस. टी.त चढणारा जाणता मनुष्य आधी दोन पावले तिच्याबरोबर धावतो आणि मगच पायरीवर पाय ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. रेस कमी पडली तर गाडी अडखळेल, जास्त झाली तर पुढे उसळेल; काट्याकडे पाहत बसू नकोस, कानाने शीक.

पूर्वीच्या चालकांना हे न शिकून गत्यंतरच नव्हते. गिअरच्या दात्यांची गती जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय 1928 साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. जुन्या ॲम्बॅसडरच्या पहिल्या गिअरला तर ती नव्हतीच. म्हणून त्या काळचे ड्रायव्हर ‘डबल क्लच’ मारीत, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून मग खालचा गिअर टाकीत. तुझ्या गाडीला त्याची गरज नाही. मात्र सिंक्रोमेश गिअरपेटीतील दात्यांचीच गती जुळवतो, इंजिनाची नव्हे; ते काम अद्याप तुझ्या पायाकडेच आहे.

आता एक खबरदारी. चौथ्यातून तिसऱ्यात जाताना हात चुकून दांडा पहिल्यात गेला आणि क्लच सुटला, तर चाके इंजिनाला त्याच्या सोसण्यापलीकडे फिरवतील. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी यंत्रणा फक्त इंधन रोखते, चाकांना ती आवरू शकत नाही. म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवावा, मग गिअर उतरवावा, हा क्रम कायम ठेव.

या क्रमात एक अडचण आहे, आणि ती घाटात कळते. रेस देण्यासाठी उजवा पाय क्षणभर ब्रेकवरून उचलावा लागतो. शर्यतीतले चालक एकाच पावलाने ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळतात. तुला त्या कसरतीची यत्किंचितही आवश्यकता नाही. त्याऐवजी उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवरच, खालचा गिअर टाकून ठेवावा. सरावासाठी वेरूळचा रस्ता उत्तम: देवगिरीचा किल्ला मागे टाकल्यावर घाटातल्या जुन्या दरवाजाच्या अरुंद कमानीपूर्वी तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागते, पुढे खुलताबादच्या पठारापर्यंत चढ आणि तेथून लेण्यांकडे उतार, असे चढ आणि उतार दोन्हींचे पाठ एकाच सकाळी होतात.

औट्रम घाटाची बाब निराळी. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव लाभलेला हा कन्नड-चाळीसगाव घाट मराठवाड्याचे पठार संपवून एकदम खाली उतरतो. 2021 च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने तेथे दरड कोसळून वाहने अडकली होती, हे तुला आठवत असेल. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक तेथे निमूटपणे पाळ. नुसत्या ब्रेकवर विसंबून उतरल्यास पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळू शकते, आणि मग पायाखालचा ब्रेक नरम पडतो. डिझेल-पेट्रोल वाचवण्याच्या मोहाने न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग तुला भेटतील. त्यांना सांग की हल्लीच्या इंजिनात गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंदच होतो, तेव्हा न्यूट्रलवरच जास्त जळते. इंजिन बंद करून उतरणे तर निव्वळ आत्मघात; ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत लवकरच संपते आणि स्टिअरिंग जड होते.

पावसात मात्र हात आखडता घे. ओल्या डांबरावर रेस न देता दुसरा गिअर टाकून क्लच झटकन सोडलास, तर पुढची चाके क्षणभर घसरतील, आणि गाडी वळवायची तीही त्यांनीच.

स्वयंचलित गिअरची गाडी घेऊन ही सारी यातायात का टाळू नये, असे तुझे बाबा विचारतील. घ्यावी, माझी हरकत नाही. पण तिच्यातही उतारावर खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय दिलेली असते, आणि ती केव्हा वापरायची हे गाडी पुष्कळदा सांगत नाही.

चाळीसगावला मावशीकडे जाण्याचा तुझा बेत आषाढाच्या आरंभीचा दिसतो. त्याआधी ब्रेक ऑइल तपासून घे, वेरूळच्या रस्त्यावर दोन-तीन सकाळी सराव कर, आणि निघण्याचा दिवस मला कळव; घाट उतरेपर्यंत मी शेजारी बसेन.

तुझा,
मामा