टोपी बदलून मागायला लाजू नकोस

चि. समीर यास,

डोलवीच्या कारखान्यात कामाला लागलास हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला. पगार, पाळ्या, कँटीन याबद्दल घरचे बोलतीलच. मी लिहितोय ते हेल्मेटविषयी.

हेल्मेट उलटं धरून आत बघ. डोकं कवचाला टेकत नाही, पट्ट्यांच्या जाळीत बसतं. टाळू आणि कवच यांच्यात पोकळी राहते. वरून नट-बोल्ट पडला की पट्टे ताणले जातात, मार पसरतो. सगळी राखण त्या पोकळीत आहे. तिथे रुमाल, मोबाइल, तंबाखूची पुडी कोंबायची आपल्याकडे फार सवय. तू लावून घेऊ नकोस. हवेसाठी भोकंही पाडायची नाहीत.

मागची चाकी फिरवून माप नीट बसव. जेट्टीवर खाडीचा वारा सुटला की हनुवटीचा पट्टा न लावलेली टोपी उडते आणि माणूस भान विसरून तिच्यामागे धावतो. ते मला जास्त भयंकर वाटतं.

आपल्या किनाऱ्यावरचं ऊन प्लॅस्टिकला खातं. चमक गेली, बोटाला पांढुरकी भुकटी लागली, बाजूंनी दाबल्यावर कवच करकरलं, तर ते बाद समज. सुट्टीत गाडीच्या आरशाला टांगून ठेवू नकोस. घामेजलेले पट्टे कोमट साबणपाण्याने धू, सावलीत वाळव. थिनर, पेट्रोल कधीच नाही. त्याने कवच आतून कमकुवत होतं आणि वरून काही दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचं: एकदा जोराचा मार बसला की ते हेल्मेट संपलं, ओरखडा दिसो वा न दिसो. ‘अजून चांगलं आहे’ म्हणत तेच घालणारे खूप पाहिले. तू तसाच स्टोअरला जा. नवीन देताना कोणी पैसे कापायची भाषा केली तर सांग, कामगाराच्या सुरक्षेच्या साधनांचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, हे 1948 च्या कारखाने अधिनियमापासूनच कायद्यात ठरलेलं आहे.

हेल्मेटवर आयएसआय चिन्हापाशी आयएस 2925 हा क्रमांक हवा. 4151 असेल तर ते दुचाकीचं, कारखान्यात चालायचं नाही. आतल्या बाजूला छोट्या गोलात बाण असतो, तो बनवल्याचा महिना-वर्ष दाखवतो. कवच किती वर्षं वापरायचं ते कंपनीच्या पत्रकात असतं. पट्टे त्याआधीच बदलावे लागतात.

उद्या पाळीवर जाण्याआधी तो बाण बघ आणि कोणतं वर्ष निघालं ते मला फोन करून सांग.

तुझा,
मामा