डासांची ‘हर्बल’ अगरबत्ती : पुडा उलटून पाहा

पाऊस उघडला की अक्कलकोटात डास वाढतात आणि ‘शुद्ध हर्बल’ असे छापलेल्या डासांच्या अगरबत्त्या विकायला येतात. दम्याच्या एका मुलाची आई परवा असाच पुडा घेऊन आली. त्यावर ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता!

वाचकहो, डास मारणारी अगरबत्ती किंवा कॉइल कायद्याने कीटकनाशकच. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे तिची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंद लागते. पुड्यावर ‘सीआयआर’ने सुरू होणारा क्रमांक, औषधाचे नाव आणि प्रमाण पाहावे. वनस्पतीचे आहे म्हणून सूट नाही. पायरेथ्रम हे कीटकनाशक शेवंतीच्या जातीच्या फुलांतूनच निघते.

‘परदेशातही चालते’ या जाहिरातीला भुलू नका. देशोदेशीचे नियम निराळे. सिट्रोनेला तेलाच्या काही उत्पादनांना अमेरिकेत केंद्रीय नोंदणी माफ आहे. युरोपात वनस्पतीजन्य डासनाशकेही २०१२ च्या जैवनाशक नियमाखाली येतात. आणि लेमन युकॅलिप्टसचे तेल ३ वर्षांखालील मुलांना लावू नये, असे अमेरिकेतच बजावले जाते.

क्रमांक असला तरी धूर तो धूरच. त्या आईला मी मच्छरदाणी लावायला सांगितली, आणि रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करायला.