रिकाम्या यादीचे कारण

प्रश्न : जावामधील माझ्या वर्गाचा ऑब्जेक्ट ‘न्यू’ने विनासायास तयार होतो, तरी त्याच वर्गावर ‘गेटकन्स्ट्रक्टर्स’ चालविले असता यादी रिकामी का येते?

उत्तर : १९९७ साली जावा १.१ बरोबर आलेल्या रिफ्लेक्शनच्या या मेथडला केवळ ‘पब्लिक’ कन्स्ट्रक्टरांचीच दखल घेण्याची मुभा असल्यामुळे, आणि ज्या वर्गात आपण स्वतः कन्स्ट्रक्टर लिहीत नाही त्याला कंपायलर जो बहाल करतो त्याची दृश्यता वर्गाच्या दृश्यतेइतकीच राहत असल्यामुळे, आपला वर्ग ‘पब्लिक’ नसल्यास यादी रिकामीच येणार. सगळे दप्तर पाहावयाचे तर ‘गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर्स’ वापरावे. त्यात खासगी कन्स्ट्रक्टरही येतात. पालक-वर्गाचे मात्र नाहीत, कारण कन्स्ट्रक्टर वारसाहक्काने मिळत नाहीत.

एक तपशील मात्र आवर्जून पाहावा : वर्गाच्या पोटात लिहिलेल्या, ‘स्टॅटिक’ नसलेल्या वर्गाचा कन्स्ट्रक्टर आपण एकाही पॅरामीटरविना लिहिला, तरी ‘गेटपॅरामीटरटाइप्स’ तेथे बाह्य वर्गाची नोंद दाखवते, बाह्य ऑब्जेक्टावाचून आतल्याला अस्तित्व नाही, हा भाषेचा नियम तेथे प्रत्यक्ष दिसतो, आणि मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. ‘सेटॲक्सेसिबल’ने खासगी कन्स्ट्रक्टर चालविताही येतो, पण ज्याने तो मुद्दाम खासगी ठेवला त्याचा हेतू त्यामुळे मोडतो, म्हणून चाचणीबाहेर तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.